पदवीचा जमाखर्च

माझा पेशा लेखापरीक्षेचा आहे. दुसऱ्यांच्या वह्या उघडाव्यात, त्यांतील रकमा पावत्यांशी ताडून पाहाव्यात आणि जेथे मेळ बसत नाही तेथे समासात एक लाल खूण करावी, यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. अशा माणसाची संगत सणासमारंभात कोणाला फारशी हवीशी वाटत नाही. पण घरात पैशाचा पेच पडला म्हणजे त्याची आठवण हटकून होते. २०२४ सालच्या जून महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, औसा तालुक्यातील आपल्या गावाहून रात्रीच्या गाडीने हैदराबादेस माझ्याकडे आले ते याच कारणास्तव. बरोबर एक कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी प्रथम एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक काढले, मग माझ्या भाच्याचे बारावीचे व सामायिक प्रवेश परीक्षेचे गुणपत्रक काढले आणि शेवटी सातबाऱ्याचा उतारा काढला. उतारा पाहताच प्रकरण काय आहे ते माझ्या ध्यानात आले.

हकीकत अशी होती. निकाल लागल्यावर आठवड्याभरात त्या महाविद्यालयाचे एक प्राध्यापक दाजींच्या घरी येऊन गेले. सामायिक प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला अवकाश होता. तोवर थांबण्याचे कारण नाही, व्यवस्थापन कोट्यातून आजच जागा नक्की करून टाका, पंचवीस हजार भरा आणि मूळ कागदपत्रे आमच्याकडे ठेवा, असे त्यांचे म्हणणे. चहा घेता घेता त्या गृहस्थांनी बहिणीजवळ हेही कबूल केले, की त्यांचा स्वतःचा चार महिन्यांचा पगार थकलेला आहे आणि प्रत्येकाने काही ठराविक मुले आणलीच पाहिजेत असा संस्थेचा दंडक आहे. बहिणीला त्यांची कीव आली. दाजींना मात्र त्यांच्या बोलण्यातील दुसरा भाग तेवढा लक्षात राहिला होता : चार वर्षांत इंजिनिअर.

"पाच एकरांपैकी एक एकर काढून टाकतो," दाजी म्हणाले. "गिऱ्हाईक लागलंय. तुमच्या अण्णांच्या वेळी मामांनी दोन एकर विकले होते. आज अण्णांचा पुण्यात फ्लॅट आहे. हिशेब सरळ आहे, पाहुणे."

अण्णा म्हणजे माझे चुलतबंधू. ते १९८९ साली अशाच एका विनाअनुदानित महाविद्यालयात दाखल झाले होते आणि त्यांच्यासाठी जमीन विकली गेली, ही गोष्ट खरी. पण हिशेब सरळ नाही, असे मला वाटले आणि अजूनही वाटते. तो का नाही, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

खासगी महाविद्यालय ही काही आपल्याकडे नवी वस्तू नव्हे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिने फर्ग्युसन महाविद्यालय काढले; तेही खासगीच होते आणि आरंभी लहानच होते. त्याचा खर्च भागत असे तो देणग्यांवर, माफक शुल्कावर आणि मुख्यतः आजीव सदस्यांच्या त्यागावर. मासिक पाऊणशे रुपयांच्या आसपास वेतन घेऊन वीस वर्षे सेवा करण्याची शपथ त्या मंडळींनी घेतली होती. नामदार गोखले त्यांतलेच एक. याचा अर्थ, हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर, शिक्षणाचा मोठा खर्च शिक्षकांच्या खात्यावर पडत होता. फक्त तो कोणी लिहून ठेवीत नव्हते. पुढे अनुदानाची पद्धत रूढ झाली, शिक्षकाचे वेतन सरकारी तिजोरीतून होऊ लागले आणि खर्च सरकारच्या खात्यावर गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे 'कमवा आणि शिका' म्हणून जी वाट घालून दिली, तिच्यात विद्यार्थ्याच्या अंगमेहनतीचाही वाटा होता.

तिसरा टप्पा १९८३ चा. महाराष्ट्रातली मुले अभियांत्रिकीसाठी देणग्या मोजून कर्नाटकात जात होती. तो पैसा आणि ती मुले इथेच राहावीत म्हणून वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तंत्रमहाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या निर्णयाला नावे ठेवणे आज सोपे आहे. परंतु त्यावाचून अण्णांसारखी खेड्यांतली पुष्कळ मुले इंजिनिअर झाली नसती, हेही नाकारून चालणार नाही. विनाअनुदानित या शब्दाचा अर्थ मात्र बहुतेक पालकांनी कधी नीट वाचला नाही. खर्च आता पालकाच्या खात्यावर आला होता. खर्चाबरोबर जोखीमही आली, आणि तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष गेले नाही.

देणगीबंदीचा कायदा महाराष्ट्राने १९८७ साली केला. शुल्काचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात अनेकदा गेला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा कमी शुल्काच्या व निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी योजना घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली आणि संस्थांना शुल्क ठरविण्याची मुभा दिली, मात्र नफेखोरी व देणगी यांना मज्जाव कायम ठेवला. २००५ साली पुण्याच्या इनामदार प्रकरणात तेच अधिक स्पष्ट झाले. आज महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक संस्थेचे शुल्क मंजूर करते आणि तो आकडा कोणालाही पाहता येतो. हा इतिहास मी दाजींना सांगितला नाही. त्यांना झोप येत होती. परंतु सकाळी प्रथम तो मंजूर शुल्काचा आकडा काढून दाखविला. प्राध्यापकमहाशयांनी तोंडी सांगितलेल्या रकमेपेक्षा तो कमी निघाला. येथे समासात पहिली लाल खूण पडली.

मग माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही आकडे मांडू लागलो. मंजूर शुल्क वर्षाला १ लाख १० हजार. त्यांपैकी शिक्षणशुल्क १ लाख. वसतिगृह आणि मेस मिळून ७० हजार. पुस्तके, संगणक, जाण्यायेण्याचे भाडे वगैरे २० हजार. एकूण वर्षाला २ लाख, चार वर्षांचे ८ लाख. एका एकराचे जे यायचे होते तेही साधारण एवढेच, त्यामुळे दाजींना हा योग शुभ वाटला.

आता येथे एक बारकी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत महागात पडते. दाजींच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला शिक्षणशुल्काच्या निम्म्या रकमेची शासकीय सवलत लागू होती. ही सवलत सामायिक प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून आलेल्याला मिळत नाही. म्हणजे आठ दिवस आधी जागा नक्की करण्याच्या समाधानाखातर दाजी वर्षाला ५० हजार, चार वर्षांचे २ लाख, सोडून द्यायला निघाले होते. मुलगी असती तर नुकसान याहून मोठे झाले असते. कारण पुढच्याच महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले. तीही माफी सामायिक प्रक्रियेतूनच. ही गोष्ट माहितीपत्रकात कोठेही छापलेली नव्हती आणि घरी आलेल्या प्राध्यापकांनीही ती सांगितली नव्हती. त्यांचे चार महिन्यांचे वेतन अडकलेले असता त्यांनी ती सांगावी अशी अपेक्षा तरी कशी करावी?

सवलत धरली तर वर्षाचा खर्च दीड लाखावर येतो, चार वर्षांचा ६ लाखांवर. दाजी म्हणाले, "मग एकर विकून वर दोन लाख उरतील." मी म्हटले, "एकर मुळी विकायचाच कशाला? कर्ज काढा." त्यावर त्यांनी सांगितले, की बँकेत चौकशी झाली आहे आणि बँक शेतजमीन तारण घेत नाही. ते बरोबरच होते. २००२ च्या ज्या कायद्यान्वये बँकांना तारण जप्त करता येते, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे; साहजिकच बँका तिला नाक मुरडतात. पण साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचेच नाही, अशी व्यवस्था आहे. त्यासाठी २०१५ पासून केंद्र शासनाचा पतहमी निधी आहे. दाजींना बँकेत हे कोणी सांगितले नव्हते. कदाचित त्यांनी विचारलेही नसेल. खेड्यातला माणूस बँकेत शिरला म्हणजे तो प्रश्न विचारीत नाही, उत्तरे ऐकून परत येतो.

अर्थात कर्ज म्हणजे फुकटचा पैसा नव्हे, आणि हा भाग मी दाजींना दोनदा समजावून सांगितला. श्रोत्यांनीही कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास बरे. समजा, दर वर्षाच्या आरंभी दीड लाख याप्रमाणे ६ लाख उचलले आणि व्याजाचा दर १० टक्के आहे. शिकत असताना व त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चालूच असते. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चारांचे, तिसऱ्यावर तिनांचे, चौथ्यावर दोनांचे, असे मिळून २ लाख १० हजार व्याज साचते. हप्ते सुरू व्हायच्या दिवशी मुलाच्या नावावर ८ लाख १० हजार उभे असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे १० हजार ७०० रुपये. पंधरा वर्षे घेतली तर सुमारे ८ हजार ७००. हप्ता हलका होतो, पण एकूण परतफेड पंधरा लाखांच्या पुढे जाते. यांशिवाय चार वर्षांत मुलगा कोठे दहा हजारांवर जरी कामाला लागला असता, तरी जे पावणेपाच लाखांच्या वर कमावले असते, ते वेगळेच. ही रक्कम कोणत्याच माहितीपत्रकात नसते, कारण ती कोणाला द्यावी लागत नाही. नुसती यायची राहते.

खर्चाची बाजू ही अशी. आता जमेकडे वळू.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर एका हसऱ्या मुलाचे छायाचित्र होते आणि खाली त्याचे पॅकेज छापले होते : वार्षिक १२ लाख. असे फलक आपण सर्वांनी एस.टी. स्थानकासमोर, राज्यरस्त्याच्या कडेला पाहिले असतील. त्या मुलाविषयी मला शंका नाही, तो असेलच. पण एक मुलगा म्हणजे वर्ग नव्हे. समजा, पाच मुले नोकरीला लागली. चौघांना दरमहा १५ हजार आणि एकाला १ लाख. सरासरी काढली तर ३२ हजार येते, आणि ३२ हजार मिळणारा तर त्यांत एकही नाही. म्हणून संख्याशास्त्रात मध्यक काढतात : सर्वांना कमी-जास्त पगाराच्या क्रमाने उभे करायचे आणि बरोबर मधल्याचा पगार विचारायचा. येथे तो १५ हजार आहे.

हा मध्यक आज घरबसल्या कळू शकतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक तपशीलपत्र भरावे लागते आणि ते आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागते. संस्थेला क्रमांक मिळालेला असो वा नसो, ते पत्र वाचनीय असते. प्रवेशक्षमता किती, प्रत्यक्ष प्रवेश किती, ठरल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरीला लागले किती, पुढे शिकायला गेले किती आणि लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे सारे एका ओळीत असते. दाजींच्या त्या महाविद्यालयाचे पत्र शोधायला आम्हांला वीस मिनिटे लागली. प्रवेशक्षमता २४०. प्रवेश १६४. वेळेत उत्तीर्ण ८७. नोकरीला लागले ५१. पुढील शिक्षणाला गेले ९. मध्यक, वार्षिक २ लाख १६ हजार.

दाजींनी २ लाख १६ हजाराला बाराने भागले. ते भागाकार तोंडीच करतात. सोयाबीनच्या व्यवहारात तशी सवय होते. "अठरा हजार," ते म्हणाले. मग माहितीपत्रक उलटे करून त्यांनी हप्त्याचा आकडा पाहिला. दहा हजार सातशे. पुण्यात खोलीभाडे आणि जेवण उरलेल्या सात हजार तीनशेंत कसे बसवायचे, हे मी त्यांना विचारले नाही.

तरीही अठरा हजार हा त्या ५१ जणांमधल्या सव्विसाव्याचा पगार आहे. पंचवीस जणांना त्याहून कमी किंवा फार तर तितकाच मिळतो. आणि जे मुळात नोकरीला लागलेच नाहीत, जे वेळेत उत्तीर्ण झाले नाहीत, ते तर या रांगेत उभेच नाहीत. १६४ जणांनी शुल्क भरले; रांग ५१ जणांची. शिवाय हे आकडे संस्थेने स्वतः भरलेले. अमेरिकेत २०१५ पासून शासनाच्या एका संकेतस्थळावर, सरकारी साहाय्य घेऊन शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांची मिळकत महाविद्यालयवार दाखवितात, आणि ती करखात्याच्या नोंदींवरून काढलेली असते. संस्थेच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. आपल्याकडेही आयकराच्या व भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आहेतच. त्यांचा असा उपयोग व्हावा, असे एक लेखापरीक्षक म्हणून मला फार वाटते.

दाजींनी पुन्हा अण्णांचे उदाहरण काढले. मी त्यांना दाजींच्याच गावच्या एका मुलाची आठवण करून दिली. तोही अशाच एका महाविद्यालयात गेला, दुसऱ्या वर्षी विषय राहिले, वर्ष गेले आणि मग त्याने गावचा रस्ता धरला. आज तो एका कृषी सेवा केंद्रात काम करतो. अण्णांच्या यशाची गोष्ट आमच्या घरी पस्तीस वर्षे सांगितली जात आहे. त्या मुलाची गोष्ट त्याच्या घरचेही सांगत नाहीत. पदवी अर्धी मिळत नाही, परंतु कर्ज अर्धे झालेले असते आणि ते पूर्ण फेडावे लागते. माझ्या समजुतीप्रमाणे लहान खासगी महाविद्यालयाची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो हाच विद्यार्थी. जो उत्तीर्ण होऊन थोड्या पगारावर लागला त्याचे हळूहळू निभावते, कारण पगार वाढतो आणि हप्ता वाढत नाही. अण्णांच्या काळी पदवीधर थोडे होते, संगणकाच्या धंद्याला नुकतीच भरती येत होती आणि पदवी कोठली हे कोणी फारसे विचारीत नव्हते. पुढे महाविद्यालये इतकी झाली, की जागा रिकाम्या राहू लागल्या. २०२० पासून काही वर्षे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देणेच थांबवावे लागले होते. जेथे जागा रिकाम्या राहतात, तेथे प्राध्यापकांना उन्हाळ्यात दारोदार हिंडावे लागते. त्याच प्राध्यापकांनी पावसाळ्यात उत्तम शिकवावे, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

या संस्थांना सरसकट दोष देण्याचा माझा हेतू नाही. लहान महाविद्यालयाचे काही गुण खरोखरच मोठ्या संस्थेत सापडत नाहीत. वर्गात तीस मुले असली म्हणजे शिक्षकाला प्रत्येकाचे नाव ठाऊक असते. मराठी माध्यमातून आलेल्या आणि प्रश्न विचारायला बिचकणाऱ्या मुलाला हे फार उपयोगी पडते. जिल्ह्याच्या गावी महाविद्यालय आहे म्हणूनच ज्या घरांनी मुलींना शिकू दिले, अशी कितीतरी घरे मला माहीत आहेत. त्यांच्या बाबतीत पगाराचा मध्यक काढून निर्णय द्यावा असे मला वाटत नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांचा अनुभवही याहून निराळा नसावा. सवलतींची नावे तेवढी राज्याराज्यांत बदलतात. माझी तक्रार एवढीच, की सवलतींची दारे बहुधा याच संस्थांच्या विद्यार्थ्याला बंद असतात. साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांना शिक्षणकाळातील व्याज माफ करणारी केंद्र शासनाची योजना २००९ पासून आहे. परंतु संस्थेचे किंवा अभ्यासक्रमाचे अधिकृत मूल्यांकन झालेले असावे, अशी तिची अट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली विद्यालक्ष्मी योजना तर वरच्या क्रमांकाच्या व केंद्रीय संस्थांपुरतीच आहे. नियम करणाऱ्यांची बाजू मी समजू शकतो, मीही त्यांच्यातलाच. निकृष्ट संस्थेत सरकारी पैसा जाऊ नये हे योग्यच आहे. पण त्यामुळे होते असे, की ज्याला चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला नाही त्यालाच पूर्ण व्याज भरावे लागते.

दुपारपर्यंत आम्ही बोलत होतो. माझे मत मी सांगितले : लातूरला एखाद्या अनुदानित महाविद्यालयात विज्ञानाची पदवी घ्यावी, घरून जाऊन-येऊन करावी, किंवा शासकीय तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जावे आणि पदविका झाल्यावर पुन्हा विचार करावा. दोहोंचाही खर्च या सहा लाखांच्या एका कोपऱ्यात मावला असता. दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही एम. ए. झालात तेव्हा तुमच्या शिक्षणाला किती लागले होते?" मी आकडा सांगितला. तो त्यांच्या एका हंगामाच्या खताच्या बिलापेक्षा कमी होता. "म्हणून तुम्हांला असं बोलता येतं," ते म्हणाले. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. भाच्याने दोन वर्षे मित्रांना मी इंजिनिअर होणार असे सांगितलेले होते. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

अखेरीस निम्मे माझे आणि निम्मे त्यांचे, असे झाले. मूळ कागदपत्रे त्या प्राध्यापकांकडे गेली नाहीत. ती ठेवून घेण्याचा कोणत्याही महाविद्यालयाला अधिकार नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच तसे बजावलेले आहे. भाचा सामायिक फेरीतून दुसऱ्या एका लहान खासगी महाविद्यालयात गेला. त्याचे माहितीपत्रक साध्या कागदावर छापलेले आहे आणि त्याच्या तपशीलपत्रातले आकडे थोडे बरे आहेत. मूल्यांकन मात्र त्याचेही झालेले नाही, त्यामुळे व्याजाची माफी नाही. एकर विकला गेला नाही. कर्ज दोघांच्या नावाने निघाले.

दाजींना मी एकच गोष्ट गळी उतरवू शकलो. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत राहिले तर मूळ मुद्दल सहा लाखांवरच थांबते आणि पुढचा हप्ता दहा हजार सातशेऐवजी आठ हजारांच्या आत येतो. शिवाय असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला बँका बहुधा दरात एक टक्का सूटही देतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिना साडेबाराशे रुपये होते. बहिणीने एका म्हशीचे दूध त्यासाठी वेगळे काढले. दुसऱ्या वर्षी ते अडीच हजार झाले. दर महिन्याला बँकेची पावती भ्रमणध्वनीवरून माझ्याकडे येते, जणू मी त्यांचाही लेखापरीक्षक आहे. म्हैस आटली त्या दोन महिन्यांत पावती आली नाही. भाच्याचा गणिताचा एक विषय पहिल्या वर्षी राहिला होता, तो त्याने पुढच्या परीक्षेत सोडविला. आता त्याला तिसऱ्या वर्षासाठी नवा संगणक हवा आहे, आणि त्याची किंमत योग्य आहे की नाही, हे विचारायला दाजींचा काल रात्री फोन येऊन गेला.